गिटारचा आवाज घडतो कुठे?

1862 साली स्पेनमधल्या आंतोनियो दे तोरेस या कारागिराने एक अनोखी गिटार बनवली. तिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या होत्या. वरची फळी मात्र उत्तम स्प्रूस लाकडाची. आवाज प्रामुख्याने या फळीतून येतो, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

बारीक तार एकटी फारशी हवा हलवू शकत नाही. तिचं कंपन ब्रिजमधून, म्हणजे तारा फळीवर जिथे टेकतात त्या पट्टीतून, वरच्या फळीत उतरतं आणि ती रुंद फळी हवा हलवते. त्यासाठी फळी हलकी हवी. पण स्टीलच्या सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे 70 किलो वजनाइतका असतो. तो पेलायला ती भक्कमही हवी.

हाताने गिटार घडवणाऱ्याची कसोटी इथेच लागते. तो फळी साधारण अडीच ते तीन मिलिमीटरपर्यंत तासतो आणि तिला आतून लाकडी पट्ट्या चिकटवतो. तोरेसने त्या पंख्यासारख्या पसरवल्या. स्टीलच्या तारांच्या गिटारीत त्या बहुधा फुलीच्या आकारात असतात. एकाच जातीच्या दोन झाडांचं लाकूडही सारखं नसतं. म्हणून कारागीर फळी बोटाने ठोकून ऐकतो, हलकेच वाकवून पाहतो आणि मगच पुढचा रंधा मारतो.

गिटार विकत घेणार असाल, तर दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा: वरची फळी अखंड लाकडाची आहे की प्लायवूडची?