मंडळाचे नाव लिहायचे का?

अमेरिकेत नागरिकत्वाचा अर्ज भरताना अनेक वर्षे मराठी माणूस एका प्रश्नाशी अडखळत असे: आजवर कोणकोणत्या संस्थांचे, पक्षांचे सभासद होतात? महाराष्ट्र मंडळ लिहायचे? कॉलेजातल्या डाव्या संघटनेची फाडलेली पावतीही? उगाच शंका नको, म्हणून गाळण्याचा मोह होई.

आता अर्ज बदलला, पण कम्युनिस्ट पक्षाविषयीचा प्रश्न आहेच. १९५२च्या कायद्याने हे सभासदत्व आड येते, तेही मुख्यतः अर्जाआधीच्या दहा वर्षांतले. जुनी पावती सहसा आड येत नाही. शपथेवर केलेली लपवाछपवी मात्र अंगाशी येते. खोटे बोलून मिळवलेले नागरिकत्व पुढे कित्येक वर्षांनीही जाऊ शकते. तेव्हा मुलेबाळे तिथलीच झालेली असतात. त्यापेक्षा वकिलाला विचारावे आणि खरे तेच लिहावे.