खाडीकडे पाठ करून वसलेली ठाकुर्ली

ठाकुर्लीला फास्ट लोकल थांबत नाही. त्यामुळे बाहेरच्यांच्या लेखी हे डोंबिवली आणि कल्याणच्या मधलं एक स्टेशन, तेही डुलकी लागली तर निघून जाणारं. पण स्टेशनातून पश्चिमेला उतरून सरळ चालत राहिलं तर थोड्या वेळात उल्हासची खाडी लागते. किनारा आम्हालाही आहे; फक्त आमच्या गावाचं तोंड त्याच्याकडे नाही.

एकेकाळी या खाडीकाठच्या गावांचं होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात कल्याणची नोंद आहे, आणि ती गमतीशीर आहे. पूर्वी इथे रीतसर व्यापार चाले. पुढे सत्ता बदलली आणि चुकून आलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेऊ लागले. म्हणजे कल्याणच्या सुरुवातीच्या लेखी उल्लेखांपैकी एक नाकाबंदीचा! कान्हेरी लेण्यांच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं सापडतात. म्हणजे या बंदरात दानधर्म करण्याइतका पैसा होता. 1657 च्या ऑक्टोबरात शिवरायांनी कल्याण-भिवंडी घेतलं. परंपरेने तो दिवस वसुबारसेचा सांगतात. मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजं याच खाडीत बांधली गेली, पोर्तुगीज कारागिरांच्या मदतीने. दुर्गाडी किल्ला त्याचीच साक्ष.

मग 1854 च्या मे महिन्यात रेल्वे कल्याणला आली आणि गावांनी तोंड फिरवलं. दुकानं, शाळा, देवळं, सगळं स्टेशनाभोवती गोळा झालं. डोंबिवलीचं गणेश मंदिर 1924 चं आणि दिवाळी पहाटेला तरुणाईने फुलणारा फडके रोडही स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. रामनगर, टिळकनगर, विष्णुनगर अशी नावं ठेवणाऱ्या मध्यमवर्गाला खाडी आठवली ती विसर्जनालाच.

ठाकुर्लीची गोष्ट जरा वेगळी. रेल्वेने हिला नुसतं स्टेशन दिलं नाही, कारखानाही दिला. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने 1929 मध्ये इथल्याच चोळ्याला कोळशावर चालणारं स्वतःचं वीजकेंद्र उभारलं. लोहमार्ग दाराशी, खाडी परसात. कोळसा आणि पाणी या दोन्ही गरजांना याहून सोयीची जागा कोणती मिळणार? त्याच सुमारास तिथल्या विजेवर कल्याण-पुणे आणि कल्याण-इगतपुरी मार्गांवर विजेच्या गाड्या धावू लागल्या. 1 जून 1930 ला डेक्कन क्वीन सुरू झाली. घाट चढणाऱ्या त्या राणीच्या कौतुकात ठाकुर्लीच्या बॉयलरवरच्या कामगाराचं नाव कुणी घेत नाही.

त्या कामगारांनी वस्ती घडवली. बावन चाळ, रेल्वेचं मैदान, साहेबांचे बंगले. पाळीवर जाणारे लोक, चिमणीचा धूर आणि वेगवेगळ्या प्रांतांतून आलेल्या कुटुंबांची एका ओळीत लागलेली दारं. 1980 च्या दशकात केंद्र थंडावलं. आज झाडोऱ्यात जुनं बांधकाम उभं आहे आणि शेजारी टॉवर उगवतायत. माझ्या मते मुंबई परिसरातल्या औद्योगिक वारशाची एवढी बेपर्वाई दुसरीकडे क्वचितच दिसेल.

पूर्वेकडचं चोळेगाव, कांचनगाव, खंबाळपाडा ही मूळची आगरी गावं. तलाव होता, शेती होती. आता नव्वद फुटी रस्ता आहे. याच भागात 28 जुलै 2015 च्या रात्री इमारत कोसळून 9 जण गेले. पुढे कल्याणच्या दिशेने रेल्वेवरचा पत्रीपूल. 1914 चा तो जुना पूल 2018 च्या नोव्हेंबरात पाडला आणि नवा 2021 च्या जानेवारीत खुला झाला. मधल्या काळातली कोंडी आठवून लोक अजून दात-ओठ खातात.

आणि खाडी? ओहोटीच्या वेळी रेतीबंदराकडे जाऊन पाहावं. चिखलात निवट्या उड्या मारतात, काठावर प्लास्टिकचा थर असतो. पूर्वी इथे डुबी मारून रेती काढत; माणूस श्वास रोखून तळाशी जाई आणि भरलेली बादली वर येई. नंतर सक्शन पंप आले आणि काठच खचू लागले. कल्याणने तर आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर खाडीकाठी रचला. 2021 मध्ये तो बंद झाला. खाडीवर मोठागाव-माणकोली पूल झाल्याने ठाण्याचा फेरा वाचला, पण पुलावरून जाणाऱ्यांना खाडी दिसते ती गाडीच्या काचेतून.

चोळ्याच्या वीजकेंद्रात घाम गाळलेल्या पिढीतली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत त्यांपैकी कुणी असेल तर या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा, पाळ्यांच्या गोष्टी लिहून घ्या, जुने फोटो जपून ठेवा. महापालिकेने संग्रहालय काढेपर्यंत थांबू नका.