चोरांना घाबरवायला द्राक्षांवर मोरचूद मारला आणि डावणीचं औषध सापडलं

ऑक्टोबर छाटणी झाली की नाशिक, सांगलीतले द्राक्ष बागायतदार दिवसातून दहा वेळा मोबाईलवर हवामान बघतात. कारण वेलीला नवी फूट येत असते, पानं कोवळी असतात आणि नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस झाला तर बागेत डावणी शिरते. डावणी म्हणजेच केवडा. आधी पानावर पिवळे तेलकट डाग पडतात, मग पानामागे पांढरी बुरशी दिसते. रोग फुलोऱ्यावर गेला तर घडच हातचे जातात.

या रोगावरचं सगळ्यात जुनं औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी. गंमत म्हणजे हे औषध सापडलं ते चोरांमुळे.

तर झालं असं की, एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या द्राक्षबागांवर फायलोक्सेरा नावाची कीड आली. ती मुळांवरच हल्ला करायची. म्हणून या किडीला दाद न देणाऱ्या वेली अमेरिकेतून आणल्या गेल्या. अमेरिकेतून येणाऱ्या वेलींसोबत डावणीही आली. १८७८ मध्ये ती फ्रान्समध्ये पहिल्यांदा दिसली आणि काही वर्षांतच सगळीकडे पसरली.

१८८२ च्या ऑक्टोबरमध्ये बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे हे मेडॉक भागातून जात होते. बागांची पानं डावणीनं झडून गेली होती, पण रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्यागार होत्या. त्यांनी चौकशी केली. येणारे-जाणारे लोक द्राक्षं तोडून खायचे, म्हणून बागवाल्यांनी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. निळी पानं बघून लोकांना विष मारल्यासारखं वाटायचं आणि कोणी हात लावायचं नाही.

मिलार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ गेयाँ यांच्या मदतीनं प्रयोग केले आणि १८८५ मध्ये हे मिश्रण जगासमोर मांडलं. शहराच्या नावावरून नाव पडलं, बोर्डो मिश्रण.

पण हे औषध नेमकं करतं काय?

बुरशीचे बीजाणू वाऱ्यातून, पावसाच्या थेंबांतून पानावर येऊन पडतात. पान ओलं असेल तर ते रुजतात आणि आत शिरतात. बोर्डो फवारल्यावर पानावर तांब्याचा पातळ थर बसतो. बीजाणू रुजायच्या आतच हे तांबं त्याला मारतं.

म्हणजे बोर्डो पहारेकऱ्याचं काम करतं, डॉक्टरचं नाही. रोग पानाच्या आत शिरला की बाहेरचं तांबं तिथवर पोचत नाही. म्हणून फवारणी पावसाच्या आधी हवी, आणि डावणी पानाच्या खालच्या बाजूनं शिरते म्हणून औषध पानामागेही बसायला हवं.

बनवायचं कसं?

१ टक्का बोर्डोसाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागतं. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवतात, मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओततात. चुना नसेल तर नुसत्या मोरचुदानं पानं जळतात.

मिश्रण जमलं का हे बघायला त्यात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवतात. लोखंडावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्ल आहे, अजून चुना घालायचा. आणि तयार केलेलं मिश्रण त्याच दिवशी वापरायचं.

कोकण आणि गोव्यात सुपारीवरच्या कोळेरोगासाठी पावसाळ्याच्या तोंडावर हेच मिश्रण घडांवर मारतात. विदर्भात संत्र्याच्या खोडाला डिंक्या लागू नये म्हणून १० टक्क्यांची बोर्डो पेस्ट लावतात. त्यात १०० ऐवजी १० लिटर पाणी असतं, एवढाच फरक.

मग सगळ्या रोगांवर बोर्डोच मारलं तर?

तसं चालत नाही. कोवळ्या फुटीवर प्रमाण चुकलं तर पानं जळतात आणि घडांवर निळे डाग राहतात. त्यामुळे कोणत्या अवस्थेत किती मारायचं, हे मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा किंवा कृषी विद्यापीठाचा सल्ला बघूनच ठरवलेलं बरं.

शिवाय रोग ओळखणंही महत्त्वाचं. भुरी आणि डावणी दोन्ही पांढऱ्या दिसतात, पण भुरी पानावर पिठासारखी पसरते आणि ती खरी बुरशी आहे. डावणीचा जीव शास्त्रज्ञांच्या मते बुरशीपेक्षा शेवाळाच्या जवळचा आहे. त्यामुळे भुरीवर चालणारं गंधक डावणीला थांबवत नाही.

नवी आंतरप्रवाही औषधं पानाच्या आत जाऊन काम करतात. पण एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की रोगाला त्याची सवय होते आणि पैसे वाया जातात. म्हणून औषधं आलटून-पालटून वापरायला सांगतात. तांबं रोगावर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं, त्यामुळे दीडशे वर्षं होत आली तरी ते उपयोगी पडतंय.

मात्र तांबं कुजत नाही, मातीत साठत राहतं आणि गांडुळांना त्रास देतं. म्हणूनच युरोपियन युनियननं त्यावर मर्यादा घातली आहे. ७ वर्षांत हेक्टरी जास्तीत जास्त २८ किलो. त्यामुळे पाऊस येणार असेल, तेव्हा डाग दिसायची वाट न बघता एक फवारणी वेळेवर झाली, तर पुढच्या चार फवारण्यांचा खर्च आणि तेवढं तांबं, दोन्ही वाचू शकतं.