एका आकड्याने पत ठरत नाही

बँकेत एका दिवसाच्या शिलकेवरून आम्ही कोणाची पत ठरवली नाही. स्वतःच्या रक्ताच्या अहवालात मात्र एक आकडा ठळक छापलेला दिसताच माझी झोप उडाली. डॉक्टरांनी समजावले, सामान्य मर्यादा बहुधा अशी आखतात, की १०० निरोगी व्यक्तींपैकी ९५ तिच्या आत येतात. ५ निरोगी असूनही बाहेर राहतात. उपवासाने, पाणी कमी प्यायल्याने किंवा प्रयोगशाळा बदलल्यानेही आकडे हलतात.

तथापि उपेक्षाही नको. आपल्या शाकाहारात बी-१२ जीवनसत्त्व मुख्यत्वे दुधातूनच मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्याच्या कमतरतेचा प्रदीर्घ अभ्यास केला आहे. म्हणून जुने अहवाल तारीखवार लावून डॉक्टरांपुढे ठेवावेत. खतावणी पूर्ण वाचल्याविना ताळेबंद मांडू नये.