एका डब्याची सात वर्षं

काठीचा टोला बसतो, रस्त्यात पडलेला रिकामा डबा उडतो आणि चित्रपट संपतो. ५ ऑक्टोबर २०१८ला 'अंधाधुन' प्रदर्शित झाला. त्याच आठवड्यात आम्ही तो पुण्यात पाहिला, आणि दिवे लागल्यावरही आमच्या रांगेतलं कुणी चटकन उठलं नाही. पार्किंगपर्यंत जाताजाता मात्र दोन तट पडले: पियानो वाजवणाऱ्या आकाशला शेवटी दिसतं की नाही? बायको म्हणाली, "त्याला दिसतंय. म्हणजे त्यानं सिमीचे डोळे घेतले." मी म्हटलं, "वाटेतल्या डब्याला आंधळ्याची काठी लागणार नाही का?" घर आलं तरी दोघांपैकी कुणी हटलं नव्हतं.

चित्रपट अजून पाहिला नसेल, तर पुढचं वाचू नका.

रहस्यपटावरून घरात वाद होणं आपल्याला नवं नाही. राजा परांजपे यांच्या १९६४च्या 'पाठलाग'वरही लोक तावातावानं बोलायचे, पण तो वाद "तुला आधी कळलं होतं का?" एवढाच. अखेरीस उलगडा झाला की सगळे एकाच जागी येत. 'अंधाधुन'चे दिग्दर्शक श्रीराम राघवन यांनी ती जागाच ठेवली नाही. ज्या फ्रेंच लघुपटावरून त्यांना हे सुचलं, तो ऑलिव्हिए त्रेनेचा 'लाकोर्दर' जेमतेम पंधरा मिनिटांचा. आंधळ्याचं सोंग घेतलेला पियानोवाला खून झालेल्या घरात वाजवत बसतो आणि त्याचं पुढं काय झालं ते आपल्याला कळत नाही. राघवन यांनी त्यापुढं अख्खी गोष्ट रचली, पण शेवटची ती अधांतरी अवस्था सांभाळून ठेवली.

पहिले काही महिने भांडण डब्यावर होतं. नंतर ते सशावर गेलं, आणि माझ्या मते खरी गंमत तिथं आहे. अगदी सुरुवातीला कोबीच्या शेतात एक डोळा निकामी झालेला ससा दिसतो. शिकारी त्याच्या मागावर असतो. शेवटाकडे तोच ससा उसळून सिमीच्या गाडीच्या काचेवर आदळतो आणि आकाशला चिरडायला निघालेली सिमीच मरते. माझं म्हणणं सरळ होतं: ससा आपण स्वतः पाहिला, तो खरा, मग अपघात खरा आणि आकाशही खरं बोलतोय. बायकोनं एकाच प्रश्नात मला गप्प केलं. "तो जर आंधळा होता, तर ससा आडवा आला हे त्याला कुणी सांगितलं?" आणि युरोपातल्या त्या शेवटच्या दृश्यात त्याच्या काठीची मूठ पाहिलीत? सशाचं डोकं आहे.

त्याहून अवघड पेच सुरुवातीच्या अंधारात आहे. पडदा काळा असतानाच आकाशचा आवाज येतो: गोष्ट लांबलचक आहे, कॉफी घेणार? म्हणजे पाहिलं ते सगळं त्यानं त्याच्या मैत्रिणीला, सोफीला सांगितलेलं. मग शेजारच्या मिसेस डिसांना सिमीनं वरून ढकललं, इन्स्पेक्टर मनोहरच्या घरात नवरा-बायकोची झटापट झाली, तिथं आकाश कुठं होता? यावर चिडणारे पुष्कळ भेटले. दोन तासांहून जास्त बसवून ठेवलं आणि उत्तर आमच्यावर ढकललं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा शेवट बाहेरून आणून चिकटवलेला असतो. इथं ससा, यकृत, डोळे, सोंग, सगळं आधीच आपल्यासमोर मांडून ठेवलेलं आहे.

 

चर्चा थांबली नाही. २०१९च्या एप्रिलमध्ये चित्रपट चीनमध्ये लागला आणि तिथं त्यानं तीनशे कोटींच्या वर कमाई केली. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आयुष्मान खुरानाला अभिनयाचा. २०२१मध्ये तेलुगूत 'मॅस्ट्रो' आणि मल्याळममध्ये 'भ्रमम' आले, २०२४मध्ये तमिळ 'अंधगन'. आमच्या घरात मात्र मत फिरलं ते मामांमुळे.

काचबिंदूनं मामांची दृष्टी गेली त्याला बरीच वर्षं झाली. मागच्या दिवाळीत ते आमच्याकडे होते. आम्ही चित्रपट लावला आणि ते ऐकत बसले, मी मधूनमधून काय चाललंय ते सांगत होतो. सुरुवातीला आकाशचे डोळे शाबूत असतात हे कळल्यावर ते एकदम म्हणाले, "वाजवणं सुधारावं म्हणून आंधळा होतो? आणि रस्ता ओलांडायला लोकांचे हात घेतो?" एरवी सगळं हसण्यावारी नेणारे मामा त्यानंतर बराच वेळ बोलले नाहीत. सात वर्षांत आम्ही शेवटाचा कीस काढला, पण या पहिल्या खोटेपणाकडे आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं.

डब्याचा आवाज आल्यावर मी विचारलं, "मामा, तुम्हाला काय वाटतं? दिसतंय का त्याला?"

त्यांनी आपली काठी उचलून फरशीवर दाखवलं. टोक डावीकडे, टोक उजवीकडे, पायापुढे अर्धवर्तुळ. मध्ये मी चप्पल सरकवली. काठी तिला हलकेच टेकली, थांबली, कडेनं फिरली. "आधी काय आहे ते विचारायचं असतं," ते म्हणाले. "टोला कशाला हाणू?"

मी म्हटलं, म्हणजे बायकोच बरोबर. तर त्यांनी हात हलवला. "डबा राहू दे. त्याच्या आधीचं लाव. ती मुलगी काय म्हणते ते."

मी मागे नेलं. सोफी म्हणते, डॉक्टरचं ऐकायला हवं होतंस. म्हणजे सिमीचे डोळे घ्यायला हवे होतेस. मामांनी मान टीव्हीकडे वळवून कान दिला.

"बघ," ते म्हणाले, "एवढी लांबलचक गोष्ट सांगितली यानं. आणि आता एक शब्द नाही."