इंजिन बदललं, तरी गाडी पिकअप घेत नाही? इंजिन परत उतरवायच्या आधी मोबाईलवर हे आकडे बघा

डिझेल स्विफ्ट किंवा डिझायरचं इंजिन गेलं की आपल्याकडे सहसा कोणी नवं घेत नाही. पुण्याहून नाहीतर मुंबईच्या कुर्ल्याहून वापरलेलं इंजिन येतं, बीड, केज किंवा अंबाजोगाईतल्या एखाद्या गॅरेजमध्ये चढतं आणि गाडी परत भाड्याला लागते. स्टार्ट मस्त होते, उभ्या गाडीत आवाजही बरा असतो. पण रस्त्यावर काढली की रडगाणं सुरू. पाय दाबला तरी गाडी दबते, मग एकदम उचलते, किंवा अडीच हजार आरपीएमच्या वर जातच नाही. मांजरसुंब्याचा घाट जी गाडी आरामात चढायची ती आता दुसऱ्या गिअरवर आणावी लागते. ओव्हरटेकला गाडी बाहेर काढली आणि पिकअपच आला नाही, तर काय होतं हे धारूरच्या अरुंद घाटात गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

मग मालक म्हणतो इंजिन खराब आलं, विकणारा म्हणतो फिटिंग चुकलं, आणि मिस्त्री म्हणतो परत उतरवून बघू. उतरवायची मजुरी परत तुमच्याच खिशातून जाते. आणि जुन्या इंजिनावरची गॅरंटी बहुतेक वेळा तोंडी आणि थोड्याच दिवसांची असते, म्हणजे घड्याळही तुमच्या विरुद्ध चालू असतं. खरं तर अशा बऱ्याच केसमध्ये इंजिन ठीक असतं. जुनी गाडी आणि दुसरीकडचं इंजिन जिथं जोडलं जातं, तिथं काहीतरी राहिलेलं असतं. ते शोधायला पान्याच्या आधी मोबाईल लागतो.

पाय दाबला की नक्की काय होतं?

कॉमन रेल डिझेल गाडीत अ‍ॅक्सिलरेटर पेडलला केबल नसते. पेडलमध्ये सेन्सर असतात, ते फक्त ‘एवढी ताकद पाहिजे’ असा अर्ज गाडीच्या कॉम्प्युटरकडे पाठवतात. कॉम्प्युटर मग हवा किती येतेय, डिझेलचा दाब किती आहे, बाकी सेन्सर काय म्हणतायत हे बघतो आणि तेवढंच डिझेल सोडतो. कागदपत्रं अपुरी असली की तलाठी अर्ज बाजूला ठेवतो, तसंच. म्हणून तपासायच्या गोष्टी तीन: अर्ज पोचला का, हवा आली का, डिझेल आलं का.

एक प्रश्न त्याच्याही आधी विचारा. इंजिन हाफ आलं होतं की फुल? हाफ इंजिन म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन. त्यावर हेड, टर्बो, इंजेक्टर तुमच्याच गाडीचे बसतात. तेव्हा संशय पाइप, कपलर, अर्थिंग आणि टायमिंगवर घ्यायचा. फुल इंजिनात टर्बो आणि इंजेक्टरही दुसऱ्या गाडीचे येतात, आणि तिथं वेगळीच गंमत होते. ती पुढे सांगतो.

मोबाईलला गाडीशी जोडा

स्टेअरिंगच्या खाली डॅशबोर्डमध्ये १६ पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडी पोर्ट. त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ अडॅप्टर ऑनलाइन मिळतो, ‘ईएलएम ३२७’ नावाने शोधा. अँड्रॉइडवर टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप टाका. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा बघून घ्या. अगदी स्वस्तातले नकली अडॅप्टर मध्येच कनेक्शन सोडतात, त्यामुळे रिव्ह्यू वाचूनच मागवा. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ लागू झालं, त्यानंतरच्या गाड्यांवर हे बहुतेक वेळा चालतं. जुन्या गाड्यांत कधी जोडणी होते, कधी होत नाही. न झाल्यास मोठा स्कॅनर असलेल्या गॅरेजला जावं लागेल, पण आकडे तेच बघायचे.

आणि हो, गाडी चालवताना मोबाईल शेजारच्याच्या हातात द्या. दोन्ही ॲपमध्ये रेकॉर्डिंगची सोय आहे, नंतर निवांत बघता येतं.

आधी एरर कोड वाचा आणि स्क्रीनशॉट काढा. इंजिन बाहेर असताना कपलर काढलेले असतात, तेव्हाचे जुने कोड पडून राहिलेले असू शकतात. म्हणून एकदा क्लिअर करा आणि वीस-पंचवीस किलोमीटर गाडी फिरवून या. जो कोड परत येतो तोच कामाचा. पिकअपच्या तक्रारीत तीन लक्षात ठेवा: पी२१३८ म्हणजे पेडलच्या दोन सेन्सरचं एकमेकांशी जुळत नाही, पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी००८७ म्हणजे रेलमध्ये डिझेलचा दाब कमी. असा कोड लागला की कॉम्प्युटर गाडीला ‘लिम्प मोड’मध्ये टाकतो, म्हणजे घरापर्यंत जाण्यापुरतीच ताकद देतो. तुम्हाला वाटतं इंजिन दमलंय, पण त्याला मुद्दाम बांधून ठेवलेलं असतं.

अर्ज पोचला का?

इंजिन बंद, चावी ऑन. ॲपमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पेडल पोझिशनचा आकडा लावा आणि पेडल अगदी हळू खालपर्यंत दाबा. आकडा शून्यापासून सुरू होऊन शंभरला संपेलच असं नाही. तो सलग वाढला पाहिजे, मध्ये उडी किंवा खड्डा नको. उडी आली तर पेडलचा कपलर काढून पिना बघा. पेडलखाली पायपुसणं किंवा रबरी मॅट अडकलेली नाही ना, तेही बघा. हसू नका, असं होतं.

पेडल ठीक, तरी आकडे विचित्र नाचतायत? मग अर्थिंग. इंजिन आणि बॉडीमध्ये एक जाड अर्थिंगची पट्टी असते. इंजिन बदलताना ती लावायची राहते किंवा गंजलेल्या, रंग दिलेल्या जागेवर आवळली जाते. मग करंट दुसऱ्या वाटा शोधतो आणि सेन्सर खोटं बोलायला लागतात. साध्या मल्टिमीटरने कळतं: एक वायर बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि कोणालातरी स्टार्टर मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी काढा, जागा घासा, परत आवळा. याला खर्च जवळजवळ नाहीच.

हवा आली का?

माझ्या मते सगळ्यात जास्त गाड्या इथंच अडकतात.

ॲपमध्ये इनटेक मॅनिफोल्ड प्रेशर लावा. इंजिन बंद, फक्त चावी ऑन असताना हा आकडा बाहेरच्या हवेइतका असायला हवा. समुद्राकाठी तो १०१ किलोपास्कल असतो. बीड शहर साधारण ५०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे ९५ च्या आसपास दिसेल. सत्तर किंवा एकशे वीस दिसत असेल तर सेन्सर खराब, किंवा दुसऱ्याच गाडीचा.

आता रिकाम्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरला, दीड हजार आरपीएमपासून पूर्ण दाबा. टर्बो डिझेलमध्ये आकडा साधारण १८० च्या पुढे चढला पाहिजे. १२०-१३० ला अडकून राहिला तर हवा वाटेत गळतेय किंवा टर्बो भरत नाहीये. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत जे रबरी पाइप जातात, त्यांच्या क्लिपा तपासा. दाबल्यावर शिट्टीसारखा आवाज आणि मागे काळा धूर, ही गळतीची जोडी आहे. पाइपवर तेलकट ओल दिसली तर जागा तीच. आणखी एक: इंजिन काढताना आत कचरा जाऊ नये म्हणून पाइपच्या तोंडात चिंधी कोंबतात. ती काढायची राहून गेली, असं गॅरेजमध्ये खरंच घडतं.

आता फुल इंजिनवाली गंमत. स्विफ्टमधलं १२४८ सीसीचं १.३ लिटर डिझेल इंजिन मूळचं फियाटचं. मारुतीसाठी ते हरियाणात मानेसरला बनायचं, आणि फियाट-टाटासाठी आपल्या पुणे-नगर रस्त्यावरच्या रांजणगावला. स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा, सियाझ, इंडिका व्हिस्टा, लिनिया, सगळीकडे हेच. त्यामुळे बाजारात ‘सेम इंजिन आहे, टाका’ म्हणून सर्रास विकलं जातं. पण त्याचे दोन प्रकार आहेत. स्विफ्ट-डिझायरच्या ७५ हॉर्सपॉवरवाल्यात साधा टर्बो असतो, तो आपल्याच दाबावर चालतो. एर्टिगा-सियाझच्या ९० वाल्यात पात्या हलणारा टर्बो असतो, त्या पात्या कॉम्प्युटर व्हॅक्यूमने हलवतो. एर्टिगाचं फुल इंजिन डिझायरमध्ये टाकलं तर डिझायरच्या कॉम्प्युटरला असा टर्बो असतो हेच माहीत नसतं. व्हॅक्यूम मिळत नाही, पात्या उघड्याच राहतात, आणि खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी चालते. मिस्त्री सेन्सरवर सेन्सर बदलत बसतो. इलाज एकच: तुमच्या जुन्या इंजिनाचा टर्बो सुस्थितीत असेल तर तो मॅनिफोल्डसकट या इंजिनावर घ्या. त्यासाठी इंजिन खाली उतरवायची गरज सहसा पडत नाही.

म्हणून जुनं इंजिन भंगारात देण्याची घाई करू नका. नवी गाडी घाट चढेपर्यंत ते गॅरेजच्या कोपऱ्यात पडू द्या.

डिझेल आलं का?

आयडलिंगला रेल प्रेशर साधारण २५० ते ३५० बार असतं. ॲप किलोपास्कलमध्ये दाखवत असेल तर दोन शून्यं वाढवून वाचा, म्हणजे ३०० बार म्हणजे ३०,०००. पूर्ण दाबल्यावर ते हजार बारच्या वर पळालं पाहिजे. पाय दाबला आणि दाब वाढायच्या ऐवजी खाली आला, तर डिझेल फिल्टर, टाकीतून येणारा पाइप, किंवा हवा ओढणारा एखादा ढिला जोड बघा. गाडी पंधरा दिवस गॅरेजमध्ये उभी होती का? मग टाकीच्या तळाचा गाळ फिल्टरमध्ये आलेला असू शकतो. काळा धूरही नाही आणि पिकअपही नाही, तर संशय हवेपेक्षा डिझेलवर जास्त घ्या.

इंजेक्टर बदलले असतील तर बऱ्याच गाड्यांत त्यांच्यावर छापलेला कोड स्कॅनरने कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. बसवण्यापूर्वी चारही इंजेक्टरचे मोबाईलने फोटो काढा, कारण नंतर ते वाचता येत नाहीत. कोड भरला नाही म्हणून सगळा पिकअप जात नाही, पण इंजिन थरथरतं आणि धूर करतं.

तिन्ही गोष्टी बरोबर निघाल्या, तर एक शेवटची शंका क्लच. चौथ्या गिअरला चाळीसच्या वेगाने जाताना पूर्ण दाबा आणि ॲपमध्ये आरपीएम आणि स्पीड शेजारी शेजारी ठेवा. आरपीएम पळाले आणि स्पीड जागेवरच, तर क्लच घसरतोय. इंजिन बिचारं काम करतंय.

जुन्या जीपवाल्यांसाठी

महिंद्राच्या जुन्या कमांडर-मार्शलसारख्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांना ओबीडी नाही. पण तिथं सगळं डोळ्यांनी दिसतं. बॉनेट उघडा, कोणालातरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि डिझेल पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो का बघा. दुसरं इंजिन बसवल्यावर लिंकेज किंवा केबलची लांबी जुळत नाही, लिव्हर तीन चतुर्थांशच फिरतो, आणि लोक पंप कॅलिब्रेशनला पाठवतात. लिव्हर पूर्ण फिरत असेल तर लाइनमधली हवा काढा, आणि मग पंपाचं टायमिंग.

पेट्रोल गाडीत वायरचा थ्रॉटल असेल तर बॅटरी काढल्यावर थ्रॉटल बॉडीचं लर्निंग परत करावं लागू शकतं. स्कॅनरवर काही मिनिटांचं काम आहे.

गाडी नीट चालायला लागली की आरटीओचं काम उरकून टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्यावर १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. एमएच २३ असेल तर बीड, एमएच ४४ असेल तर अंबाजोगाई. आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर वेगळा राहिला, तर अपघाताचा क्लेम किंवा गाडी विकताना तोच अडथळा होतो. त्यामुळे इंजिन घेतानाच पक्कं बिल मागा, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या, आणि ब्लॉकवरच्या नंबरचा स्पष्ट फोटो इंजिन खाली असतानाच काढून ठेवा. एकदा चढलं की तिथपर्यंत मोबाईलचा कॅमेरा पोचत नाही.