विहिरीवरची मोटार आणि वनकुसवड्याची पवनचक्की

आपल्या बोरी बुद्रुकच्या विहिरींवरची थ्री-फेज मोटार इंडक्शन जातीची. चार पोलची असेल तर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या किंचित खाली फिरते. ग्रिडला जोडलेली ठेवून तीच १५०० च्या थोडी वर फिरवली, की उलट वीज देऊ लागते! साताऱ्यातल्या वनकुसवडे पठारावरच्या अनेक जुन्या पवनचक्क्या याच तत्त्वाच्या. दणकट, स्वस्त, पण वेग जवळपास बांधलेला, त्यामुळे वारा बदलला की ऊर्जा निसटते.

नंतरच्या डीएफआयजी (डबली-फेड इंडक्शन) जनरेटरमध्ये फक्त रोटरची वीज कन्व्हर्टरमधून जाते. क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांचा कन्व्हर्टर पुरतो, तरी वेग वाऱ्याप्रमाणे बदलतो. मला हीच रचना सर्वांत हुशार वाटते. कायमचुंबकी जनरेटर थेट पात्यांना जोडला तर गिअरबॉक्सच नको, मंद वाऱ्यातही कार्यक्षमता टिकते. वजन आणि किंमत मात्र वाढते.